डाव्या हाताची घुंगरं

दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये म्हणतात. मग बोलणाऱ्यांनी हळू बोलावं. ढोकीच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी जावा बसल्या होत्या. थोरलीचे पाय बाकाखाली सारखे हलत होते.

"आक्का, रातच्याला बी असंच व्हतंय का?"

"आडवं पडलं की लईच वळवळत्यात. अर्पितानं मोबाइलवर बासरी लावून दिली. म्हणली, आजी, ह्यानं पाय शांत व्हत्यात, झोप लागती."

"लागली का?"

"बासरीवाल्याला लागली असंल. मला न्हाय."

"मग?"

"जलमभर उसाच्या बैलगाडीत निजले. घुंगरं वाजायची न् झोप लागायची. बैल इकले, घुंगरमाळ ऱ्हायली. मालक उशाला बसून तीच वाजवायचे. पाय गप व्हायचे बघ."

"पर भाऊजींच्या उजव्या अंगावरनं वारं गेलंय न्हवं?"

"डाव्या हातानं वाजवत्यात. ताल चुकतोय. बैल लंगडतोय असं वाटतंय, न् म्या जास्तच जागी व्हते."

"सांगा की तसं त्यास्नी."

"काय सांगू? तेवढंच एक काम ऱ्हायलंय त्यांच्या हाताला."

"मग करता काय?"

"गोधडीखाली पाय जुन्या लुगड्यानं बांधून घेते, न् खोटंच घोरते. मग वाजवायचं थांबत्यात."

तेवढ्यात तिचा म्हातारा डाव्या हातात चिठ्ठी धरून पाय ओढत आला आणि तिच्याजवळ टेकला.

"काल लवकर लागली की गं झोप तुला."

"व्हय. लई गाढ लागली."