खातं बंद

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक आजी-आजोबा नंबराची वाट बघत बसले होते.

"त्या नाटककाराच्या पानावरची ओळ ऑनलाइन ज्ञानकोशातून तू उडवलीस?"

"उडवली. माणूस जिवंत, आरोप चोरीचा आणि संदर्भ एकही नाही. असलं आम्ही संपादक तासभरही ठेवत नाही."

"अगं, माझंच नाटक ढापलंय त्यानं!"

"मग छापील पुरावा द्या."

"चाळीस वर्षं संसार केला, माझा शब्द पुरावा नाही?"

"घरात आहे हो. ज्ञानकोशात नाही."

"आणि लिहिणाऱ्याचं खातं?"

"तीनदा ताकीद दिली, मग बंद केलं."

"ते माझं होतं."

"कळलं होतं. लग्नाआधी पत्रात मला ज्या नावानं हाक मारायचात, तेच खात्याला दिलंत."

"तरी बंद केलंस?"

"नियमानं कायमचं करायचं होतं. ते नाव बघून हात धजावला नाही. आठवड्याचंच केलंय."