शहर वाढलंच पायजे

मिसळीच्या दुकानाबाहेर रांग होती. मधुवंतीबाईंनी वेळ जावा म्हणून वर्तमानपत्र उघडलं, पण पुढच्या दोन फेटेवाल्यांनी त्यांना मथळ्याच्या पुढं जाऊ दिलं असेल तर शपथ.

“पावणं, पोरगं कुठं हाय म्हणालासा?”

“इस्रायलला. अश्दोदात इमारतींना गिलावा करतंय.”

“मोठं गाव हाय व्हय?”

“गाव? शहर म्हणा की! सत्तर वर्षांमागं तितं नुसती वाळू हुती. आता बंदर हाय, ईस-ईस मजली इमारती हायत.”

“वाळूत कोण गेलं ऱ्हायला?”

“देशोदेशीचं ज्यू लोक. त्यात आपली मराठी बोलणारीबी हायत. एका आजीनं तर पोराला घरी नेऊन पोह्याचा मलिदा खायला घातला.”

“भारीच की!”

“आधी रस्ता, गटार, शाळा. मग घरं. आपल्यागत न्हाय, आधी बंगला बांधायचा आन् सांडपाणी शेजाऱ्याच्या दारात!”

“म्हंजे शहर वाढलंच पायजे?”

“वाढलंच पायजे!”

“मग आज इकडं कुठं?”

“मोर्चाला की! हद्दवाढीत आमचं गाव गडमुडशिंगी कोल्हापुरात घ्यायचं म्हणत्यात. जीव गेला तरी जाऊ देणार न्हाय!”

“आन् मग कोल्हापूरनं वाढायचं कुठं?”

“उचगावाकडं वाढू दे की! मोकळी जागा हाय, माणसंबी गरीब हायत.”

दुसऱ्यानं काखेतली गुंडाळी सोडली. आत ‘हद्दवाढ रद्द करा’ असा कापडी फलक होता.

“धरा जरा ह्यो कोपरा. मी उचगावचा.”