हाताशी आलेली फांदी

—नाही हो, माझी सुलू आजारी कसली, खडखडीत बरी आहे. ताप नाही, खोकला नाही. पण येत नाही म्हणते, म्हणून तर मी आले. बसा ना डॉक्टरीणबाई, उभ्या का? हा बाक कोरडा आहे, मी पदरानं पुसून घेतलाय. तुम्ही पुण्याच्या, भोरात येऊन तुम्हाला दिवस ते किती झाले, आणि एवढ्यात वर्गाची सगळी व्यवस्था तुमच्या गळ्यात पडली—त्यात माझी ही कटकट. पण सकाळी ठकुबाई दारावरून गेली—ठकुबाई हो, इथल्या माळ्याची बायको, किकवीची—ती म्हणाली, "आवं वैनी, तुमच्या सुलूताईचं नाव काढत्यात आज वर्गातनं. तिला म्हनावं तोंड तरी दाव." माझ्या हातातली परात तशीच राहिली. घरी सांगितलं, मारुतीला जाऊन येते. खोटं नाही ते, मारुतीला जाऊनच आले इकडे. मला एवढंच म्हणायचंय, नाव काढू नका. दसऱ्याचं फुलांचं प्रदर्शन होऊन जाऊ दे, तोवर थांबा. थांबाल ना? अहो, तुम्ही नुसत्या मान हलवता, हो म्हणता की नाही म्हणता ते मला कळत नाही.

तुम्ही तेव्हा नव्हतात ना, वर्ग निघाला तेव्हा. संस्थानच्या बागेत बायकांना बागकाम शिकवणार, तेही प्रौढ बायकांना, शनिवारी दुपारी—अख्खं गाव हसलं. आमच्या घरीच हसले. "आता बायका कुदळी मारणार, आम्ही वाती वळतो." पण श्रीपादराव मास्तर मोठे चिवट, घरोघरी येऊन सांगून गेले. आणि आल्या की बायका! ब्राह्मण आळीतल्या आल्या, पेठेतल्या आल्या, दोन-चार तर शिवऱ्याहून बैलगाडीनं यायच्या. पहिल्याच शनिवारी मास्तरांनी पोतं सोडलं आणि म्हणाले, हे हाडांचं खत. झालं! आमच्या शेजारच्या सगुणाबाई ज्या उठल्या त्या थेट नीरेवर, नेसत्या लुगड्यानिशी बुडी मारली, आणि तशा ओलेत्यानंच परत येऊन म्हणाल्या, "मास्तर, गुलाब नाही फुलला तरी चालेल, पण आम्ही बाटायला नाही आलो हो!" मग बिचाऱ्यांनी एरंडीची पेंड आणली. सुलूनं हे घरी येऊन सांगितलं आणि हसली. हसली हो! मी चुलीपुढे होते, मी मागं वळून पाहिलंसुद्धा नाही. म्हटलं, आपण पाहिलं तर थांबेल.

कारण ती हसायचीच बंद झाली होती. तुम्हाला माहीत असेलच, कुणी ना कुणी सांगितलं असेल—गावात तेवढंच सांगायला असतं. जावई वेल्ह्याला कचेरीत होते, कारकून. हिवतापानं गेले, संसार पुरता मांडलासुद्धा नव्हता. आणली आम्ही इकडे. केस राहू दिले. ह्यांच्या आत्याबाईंनी तेवढ्यावरून आमच्याकडे पाणी पिणं सोडलं, पण ह्यांनी ऐकलं नाही, तेवढा माणूस भला आहे. पण पुढं काय? माजघरातून परसात, परसातून माजघरात. हळदीकुंकू असलं की ही आतल्या खोलीत. चैत्रगौरीला मी बायकांना डाळ-पन्हं देत होते आणि ही दाराआड बसून पुढची पन्ह्याची भांडी विसळत होती, आवाज न करता. भांड्यांचा आवाज न होऊ देणं म्हणजे काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं. आणि इथं, ह्या बागेत, कुणाला कुंकू लावायचं नव्हतं, कुणाची ओटी भरायची नव्हती. माती तेवढी. मातीला काय, सगळ्या सारख्या. निदान मला तसं वाटलं होतं.

मग मास्तरांनी ते मुलींच्या शाळेचं काढलं. शाळेला बागकाम शिकवायला बाई हवी आहे. वर्गातल्याच एखादीला घेऊ, पण जिची कलमं जगतील तिला. दसऱ्याला ती मांडायची, सगळ्यांनी पाहायची, मग ठरवायचं. बाई, सुलूला ती जागा मिळाली ना, तर—तुम्हाला काय सांगू. तिचा दीर दिवाळीत न्यायला येतोय. जावेचं बाळंतपण आहे, घरात करायला माणूस नाही, "वहिनी आमच्याच घरची आहे," म्हणतो. आता आठवण झाली घरच्या माणसाची! एकदा गेली की ती तिथली स्वयंपाकीण, जन्मभर, बिनपगारी, आणि वर उपकार त्यांचे. ह्यांना विचारलं तर म्हणतात, कुठल्या तोंडानं नाही म्हणू? त्यांचा हक्क आहे. पण शाळेचं झालं तर म्हणेन. एवढं कबूल केलंय त्यांनी. म्हणजे सगळं येऊन तिच्या कलमांच्या त्या दोन कुंड्यांवर ठेपलं होतं बघा.

कलम कसं बांधतात तुम्हाला ठाऊक असेल, मी मेली अडाणी, मला सुलूनं दाखवलं. पोळ्या लाटताना माझी दोन बोटं धरली—हे कुंडीतलं रोप, साध्या रायवळ आंब्याचं. ही मोठ्या झाडाची फांदी, पायरीची. दोन्हींची साल एका अंगानं तासायची, उघड्या अंगाला उघडं अंग लावायचं, वर केळीचं सोपट गुंडाळून बांधायचं, शेणमातीनं लिंपायचं. आणि मग हात लावायचा नाही. पावसाळाभर धीर धरायचा. "आई," म्हणाली, "हळूहळू दोघांनाही आठवत नाही की आपण वेगळे होतो." असलं बोलायला लागली होती ती! रोज काही ना काही निमित्त काढून बागेकडे चक्कर मारायची. मी? मी नाही हो कधी आत आले. मी तिला फाटकापर्यंत सोडायची आणि मारुतीच्या पारावर जप करत बसायची. बागेत माझं काय काम? कलमं मी डोळ्यांनी पाहिलीसुद्धा नाहीत. एवढं ऐकलं की बाकीच्यांच्या कुंड्या विहिरीपाशी एका ओळीत, आणि हिच्या पलीकडे, नदीच्या अंगाला. का म्हणजे? सगुणाबाई म्हणाल्या मास्तरांना—शुभ काम आहे, जीव जोडायचं काम आहे, सवाष्णींच्या मधे तिचं नको. मास्तर रागावले म्हणे, पण सुलूच पुढं होऊन म्हणाली, राहू दे, तिकडं सावली बरी आहे. घरी येऊन मला सांगताना पण तेच—"सावली बरी आहे गं आई." मी काय बोलणार? सगुणाबाईंशी भिंतीला भिंत आहे आमची.

आणि मग ते झालं. गणपतीत वर्ग बंद होता. गौरी गेल्या आणि शनिवारी बायका आल्या, तर सगळ्यांची कलमं टवटवीत आणि सुलूची दोन्ही गेलेली. सांध्यातच उकलली होती. कुंडीतलं रोप इकडे, फांदी तिकडे. मास्तर म्हणाले, गाठ सैल राहिली असेल, असं होतं कधी कधी. सुलू म्हणाली, गाठ सैल नव्हती. आणि सगुणाबाई—नाही, नावं नको ठेवायला, पण भर बायकांत म्हणाल्या—"जिचं स्वतःचं तुटलं, तिच्या हातून काय सांधणार?" ठकुबाईनं ऐकलं. तीच तेवढी उलटून बोलली, "आवं बाई, म्या पाच पोरं घातली मातीत, माझ्या हातची वांगी तुमी खाताच की!" पण सुलूनं त्यातलं दुसरं ऐकलंच नाही, पहिलंच घेऊन घरी आली. तेव्हापासून कशाला हात लावत नाही. खरंच सांगते—तुळशीला पाणी घाल म्हटलं तर म्हणते, "तूच घाल, माझा हात नको." काल विरजण लावायला सांगितलं, तर तेही नको. "आई, माझ्या हाताखाली काही धरत नाही, मी पाहिलंय." आणि दिराला पत्र टाका म्हणाली ह्यांना. आपण होऊन! मी काय करू, सांगा. रडत असती तर जवळ घेतली असती.

पण मी धीर सोडला नाही हो. मला माहीत आहे, देव आमच्या पाठीशी आहे. तुम्ही शिकलेल्या, तुम्ही हसाल—नाही ना हसणार? मला खूण मिळाली आहे. ह्याच हरताळकेला. मी यंदा निर्जळी केली, सुलूसाठी. गौरीला म्हटलं, माझं सौभाग्य तू दिलंस, ते आहे, आता माझ्या लेकीचं बघ, तिच्या पायाखाली जमीन दे. आणि पत्री मी स्वतः तोडायची असं ठरवलं, विकतची नाही. सोळा जातींची लागते. पत्रीचं कसं असतं, तुमच्या पुण्याला काय करतात कोण जाणे, पण आमच्याकडे देवाच्या पत्रीला मालक नसतो. कुणाच्याही परसात जावं, झाडाला हात जोडावे आणि घ्यावी, कुणी चोरी म्हणत नाही. बेल, आघाडा, रुई, धोत्रा सगळं मिळालं वाटेत, डाळिंब आमच्याच दारी. राहिला आंबा. आंब्याला दर वर्षी पंचाईत, पानं उंच, आकडी घेऊन कुणाला तरी चढवावं लागतं. आणि ह्या वर्षी—अजून पुरतं उजाडलं नव्हतं, बारीक झिमझिम होती, मी नदीच्या वाटेनं येत होते. तिथं बागेच्या कुंपणाला खिंडार आहे ना, तिथून आत पाऊल टाकलं, आणि बघते तर आंब्याची फांदी माझ्या हाताशी! खाली वाकलेली, अगदी छातीशी. एवढं मोठं झाड, आणि फांदी अशी, जशी काही कुणी धरून ठेवली आहे माझ्यासाठी. कोवळी, तांबूस पानं, एकाला भोक नाही. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. म्हटलं, गौराबाई, ऐकलंस गं माझं. आळीतल्या सगळ्यांना पुरतील एवढी तोडली, घरोघर वाटली, सगुणाबाईंनासुद्धा—

काय? कुठलं झाड म्हणजे? आंब्याचं. ते—ते नदीकडचं. खाली? खाली काहीतरी होतं बाई, लाकडाचं माचण, त्यावर कुंड्या का काय, मला अंधारात दिसलं नाही, पाय लागला म्हणून मी वाकून नमस्कारसुद्धा केला. बांधलेली? नाही, बांधलेली नव्हती, म्हणजे काहीतरी गुंडाळलेलं होतं, मी म्हटलं वेल असेल, वाळकी वेल. ओढली ना, थोडी ओढावीच लागते, त्याशिवाय शेंड्याची पानं कशी हाती येतील. एक ओढली, मग शेजारची. कट् झालं काहीतरी. काटकी मोडली असेल म्हटलं. तुम्ही अशा का बघता माझ्याकडे? फांदी आपोआप कशी खाली येईल, म्हणजे—देवानं—

…

मास्तरांनी वाकवून बांधली होती होय. कुंडीशी.

माचणावर, नदीच्या अंगाला.

थांबा हो. जरा थांबा. तुम्ही काही बोलू नका. मी त्या पानांची पूजा केली, डॉक्टरीणबाई. एकेक पान धुतलं. एकेक पान वाहताना तिचंच नाव घेतलं. गाठ सैल नव्हती म्हणाली ना ती? म्हणाली होती. कुणी ऐकलं नाही, मीसुद्धा नाही ऐकलं. मीसुद्धा मनात म्हटलं, राहिली असेल पोरीची—

हो, सांगते ना. सांगायलाच हवं. मास्तरांना तुम्ही सांगा, तिचा हात चांगला होता, गाठ घट्ट होती. दसऱ्याला दुसरं काही मांडू देतील का तिला? गुलाब आहेत तिचे, त्या वाफ्यातले, ते दाखवता येतील का? विचारा ना. मास्तरांना सांगायचं ते सोपं. पण तिला मी कसं सांगू? तिला माझं एवढं एकच राहिलंय हो, माझं हे देवदेव. रात्री मी पोथी वाचते तेव्हा तीच येऊन बसते, दुसरं कोण ऐकतं? आता तिला सांगू, की त्यानंच केलं? तुझ्या हातानं नाही, माझ्या? आणि नाही सांगितलं तर ती आपल्या हाताकडे अशी बघतेय—तुम्ही नाही पाहिलं तिला बघताना. सांगितलं तर एक जातं, नाही सांगितलं तर दुसरं. तुम्हीच सांगा ना तिला, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला सांगता येईल नीट. नाही, तुम्ही नको. परक्याच्या तोंडून नको. मीच सांगेन. आज संध्याकाळी. नाही, आत्ता घरी गेल्याबरोबर, पाय धुवायच्या आत—

अगंबाई. ती बघा फाटकाशी. सुलूच ती. मला शोधत आली, देवळात नाही दिसले म्हणून. बागेत पाऊल टाकलं तिनं, बघा, आत आली. आपल्या पायांनी आली! बसा, तुम्ही बसा, तुमच्यासमोरच सांगते, तुम्ही असलात की मला धीर—

काय गं? अगं, इथंच होते. पाय भरून आले म्हणून टेकले घटकाभर. ह्या? ह्या डॉक्टरीणबाई, सहज भेटल्या. नाही गं, रडते कशाला, झिमझिम आहे ती. सुलू, ऐक, मला ना तुला—

काही नाही. छत्री का नाही आणलीस?

चल. येते हं, डॉक्टरीणबाई. घरी या ना एकदा, याल ना तुम्ही?