सहीच्या खाली

कॉर्डेलिया : हे बघ झेनोबिया, आम्ही काही भांडायला आलेलो नाही.

मिसेस टॉलिव्हर : मिसेस टॉलिव्हर.

कॉर्डेलिया : काय म्हणालीस?

मिसेस टॉलिव्हर : माझं नाव सांगितलं. झेनोबिया म्हणणारी माझी बहीण होती, ती गेली. नवरा होता, तोही गेला. आता तसं म्हणणारं या गावात कुणी उरलेलं नाही. तुमच्या वडिलांनी पत्राची सुरुवात अशीच केली होती. ‘प्रिय झेनोबिया.’ ना मिसेस, ना बाई. शिक्षिकेला काय म्हणायचं ते माझ्या पहिलीतल्या पोरांनाही कळायचं.

कॉर्डेलिया : चुकलं माझं. मिसेस टॉलिव्हर, तुम्ही... तुम्हाला त्रास द्यायचा माझा हेतू नव्हता.

मिसेस टॉलिव्हर : हं, आता बसा नीट. गार चहा घ्या, त्यातला बर्फ वितळला तर नुसतं साखरपाणी होईल. डॉक्टर, तुम्हीसुद्धा. पुस्तकवाले लोक इतके अंग चोरून का बसतात हो?

ऑग्डेन : नाही, नाही, मी ठीक आहे. मिसेस टॉलिव्हर, मी फोनवर बोललो होतो तेच पुन्हा सांगतो. गव्हर्नर ट्रेडवे यांची निवडक पत्रं आम्ही काढतोय. खंड छापखान्यात जायचाय आणि फक्त तुमच्या पत्राचं अडलंय.

मिसेस टॉलिव्हर : फोनवर तुम्ही ‘माझं पत्र’ म्हणाला नव्हतात. ‘गव्हर्नरांचं पत्र’ म्हणाला होतात.

ऑग्डेन : म्हणजे, त्यांनी तुम्हाला लिहिलेलं. बासष्ट सालचं. त्यांच्या दप्तरात त्याची कार्बनप्रत आहे, पण तिचा खालचा भाग फाटलाय. मूळ पत्र जगात एकच, तुमच्याकडचं.

मिसेस टॉलिव्हर : फाटलाय की फाडलाय?

कॉर्डेलिया : जुना कागद आहे. कागद फाटतात.

मिसेस टॉलिव्हर : बरोबर खालूनच फाटतात, नाही का. थांबा, दाखवते. माझं कसं जपून ठेवलंय बघा.

(मिसेस टॉलिव्हर भिंतीवरची काचेची चौकट उतरवून टेबलावर ठेवतात.)

ऑग्डेन : वा. शाईसुद्धा फिकी झालेली नाही.

मिसेस टॉलिव्हर : डॉक्टर, तुम्ही वाचा. मोठ्याने. मला पाठ आहे, पण गव्हर्नरांच्या लेकीला ऐकू द्या.

ऑग्डेन : ‘प्रिय झेनोबिया, मतदार नोंदणीबाबतचं तुझं पत्र पोचलं. नोंदणी अधिकाऱ्यांनी तुझी परीक्षा घेतली आणि तू उत्तीर्ण झाली नाहीस, हे वाचून खेद वाटला. त्यांच्या निर्णयात मी पडणं योग्य होणार नाही. मुलांना शिकवण्याचं तुझं काम मोलाचं आहे, त्याकडे लक्ष दे. आपला, हार्लन ट्रेडवे.’

कॉर्डेलिया : यात वाईट काय आहे, सांगा. त्या काळी दुसरा कुठला गव्हर्नर इतकं सभ्य उत्तर देत होता?

मिसेस टॉलिव्हर : सभ्य आहे, मान्य. मी राष्ट्राध्यक्षांनाही लिहिलं होतं, तिकडून छापील कार्ड आलं, ‘आपल्या सदिच्छांबद्दल आभार.’ मी सदिच्छा पाठवल्याच नव्हत्या. तुमच्या वडिलांनी निदान पत्र वाचलं. आम्हा काळ्या लोकांचं नाव मतदार यादीत येऊ नये म्हणून घ्यायचे ती परीक्षा कसली होती ते ठाऊक आहे का? राज्यघटनेतलं एक कलम वाचून त्याचा अर्थ लिहायचा. मी दोन पानं लिहिली. अधिकाऱ्याने न वाचताच ‘नापास’ लिहिलं. त्याला स्वतःला ते कलम वाचताना तिसऱ्या शब्दावर ठेच लागत होती, मीच पुढचे शब्द पुरवत होते.

कॉर्डेलिया : तो अधिकारी माजोरडा असेल. बाबा नव्हते तसे.

मिसेस टॉलिव्हर : डॉक्टर, तुम्ही थांबलात का? पत्र संपलेलं नाही.

ऑग्डेन : सहीपर्यंत वाचलं की.

मिसेस टॉलिव्हर : सहीच्या खाली बघा.

ऑग्डेन : ‘प्रत : शाळा अधीक्षक, पेरी फोर्ड.’

मिसेस टॉलिव्हर : हं. पेरी फोर्ड म्हणजे हेच गाव, आणि इथले शाळा अधीक्षक म्हणजे माझे साहेब. मी गव्हर्नरांकडे तक्रार केली, गव्हर्नरांनी ती गुपचूप माझ्या साहेबांना कळवली. प्रत तिकडे आधी पोचली. शाळेने मला काढून टाकलं, तेव्हा का ते मला कळेना. घरी आले, पोस्टमन हे पाकीट देऊन गेला, आणि कळलं. ‘मुलांना शिकवण्याकडे लक्ष दे’ म्हणे. कुठली मुलं?

कॉर्डेलिया : मला हे माहीत नव्हतं.

मिसेस टॉलिव्हर : तुम्ही तेव्हा लहान होतात. तुमचा राग नाही मला. मला एवढंच हवंय, पुस्तकात हे पत्र छापायचं तर त्या ओळीसकट छापायचं. मी आहे तोवर भिंत आहे. मी गेले की भाचा हे घर विकेल आणि चौकट अडगळीत जाईल. पुस्तक राज्यातल्या प्रत्येक शाळेत जाणार, असं डॉक्टरांनीच सांगितलंय. ज्या शाळेने मला काढलं, तिथेसुद्धा.

ऑग्डेन : पण त्यात एक अडचण आहे. आमच्या कामाची एक पद्धत असते. राष्ट्राध्यक्षांच्या पत्रांचे खंड काढले तेव्हाही हीच होती. टायपिस्टच्या नावाची आद्याक्षरं, लेटरहेड, प्रत कुणाला गेली, हा सगळा ऑफिसचा पसारा समजतात, तो आम्ही छापत नाही. पत्र सहीपाशी संपतं.

मिसेस टॉलिव्हर : माझी नोकरी सहीच्या खाली गेली, डॉक्टर.

ऑग्डेन : मला कळतंय हो.

मिसेस टॉलिव्हर : कळतंय ना? मग पद्धत वाकवा थोडी.

ऑग्डेन : मी वाकवायला तयार होतो. म्हणूनच आज आलो. पण मिसेस हेंड्री...

कॉर्डेलिया : मीच सांगते. मी परवानगी देणार नाही. मी वकिलांना विचारलंय. कागद तुमचा आहे, तो तुम्ही चौकटीत लावा, चुलीत घाला. पण त्यावरचे शब्द माझ्या बाबांचे आहेत, म्हणजे आता माझे. ते कुणी कुठे छापायचे ते मी ठरवणार. सहीपर्यंत छापायचं असेल तर छापा, नाहीतर पत्र पुस्तकात येणार नाही.

मिसेस टॉलिव्हर : खरं आहे का हे, डॉक्टर?

ऑग्डेन : दुर्दैवाने, हो. कायदा असाच आहे. पत्र ज्याला आलं त्याचा कागद, लिहिणाऱ्याच्या वारसांचे शब्द.

मिसेस टॉलिव्हर : म्हणजे माझी नोकरी घालवणारे शब्दही त्यांच्याच घरातले दागिने झाले.

कॉर्डेलिया : तुम्ही मला दुष्ट समजताय. शेवटच्या दिवसांत बाबांना दिसत नव्हतं. मी त्यांना रोज जुनी पत्रं वाचून दाखवायचे. त्यांनी किती लोकांना नोकऱ्या लावून दिल्या, किती रस्ते बांधले. ते माझे बाबा होते हो. एका टायपिस्टच्या ओळीवरून लोकांनी त्यांना ओळखावं?

मिसेस टॉलिव्हर : बाप म्हणून चांगले असतील, मी नाही म्हणत नाही. तुमच्या वाट्याला बाप आला. माझ्या वाट्याला गव्हर्नर आला. पण आत्ता काय म्हणालात? टायपिस्टची ओळ?

कॉर्डेलिया : अर्थात. बाबा तोंडी मजकूर सांगायचे आणि ‘आपला’ म्हटलं की उठायचे. पुढचं सगळं ऑफिस करायचं. ती ओळ बाबांची नाहीच. त्यांचा एकही शब्द नाही तिच्यात. हे मी कुठेही शपथेवर सांगेन.

मिसेस टॉलिव्हर : ऐकलंत, डॉक्टर?

ऑग्डेन : ऐकलं.

मिसेस टॉलिव्हर : ओळ गव्हर्नरांची नाही. म्हणजे बाईंच्या मालकीची नाही. बरोबर?

ऑग्डेन : तसं पाहिलं तर... प्रत कुणाला गेली ही साधी माहिती आहे. तशा माहितीवर कुणाचाच हक्क नसतो. ती छापायला मला कुणाचीही परवानगी नको.

मिसेस टॉलिव्हर : मग असं करा. बासष्ट सालचं ते पान ठेवा. वर माझं पूर्ण नाव, मिसेस लावून, आणि तारीख. मधला मजकूर नको, तो बाईंचा आहे, आपल्याला दुसऱ्याचं काही नको. पान कोरं सोडा. आणि अगदी तळाशी ती ओळ. ‘प्रत : शाळा अधीक्षक, पेरी फोर्ड.’ बास.

कॉर्डेलिया : तुम्ही असं करणार नाही, डॉ. ऑग्डेन.

ऑग्डेन : करता येईल मात्र. ‘मजकूर छापण्यास कुटुंबाने परवानगी नाकारली’ अशी तळटीप द्यावी लागेल. ती तर पद्धतच आहे.

कॉर्डेलिया : अहो, कोरं पान पाहून लोक वाटेल ते समजतील. बाबांनी काहीतरी भयंकर लिहिलं असेल, शिव्या दिल्या असतील, असंच वाटेल.

मिसेस टॉलिव्हर : वाटेल ना. लोकांना डोकं असतं. मी कित्येकांना ते वापरायला शिकवलंय. शाळेतून काढल्यावर चर्चच्या तळघरात मोठ्या माणसांचे वर्ग घ्यायला लागले. रात्री दमूनभागून यायची बिचारी, त्यांच्याकडून राज्यघटना कलमवार घोटून घेतली. गव्हर्नर म्हणाले होते शिकवण्याकडे लक्ष दे. दिलं.

कॉर्डेलिया : ही धमकी आहे.

मिसेस टॉलिव्हर : छे. धमकी कशी असते ते मला ठाऊक आहे. तिला सही असते आणि ती फार सभ्य असते.

ऑग्डेन : मिसेस हेंड्री, मी काही ठरवत नाही. पण माझं मत विचाराल तर पूर्ण पत्र त्यांच्या बाजूने जास्त बोलतं. खेद वाटला, असं तरी त्यात आहे. कोऱ्या पानात तेही उरणार नाही.

कॉर्डेलिया : तुम्ही दोघं आधीच ठरवून बसलात.

मिसेस टॉलिव्हर : नाही हो. मला तर तुम्ही बोलेपर्यंत सुचलंच नव्हतं. रडू नका. रुमाल घ्या. या घरात तुमच्या वडिलांच्या नावाने बरीच वर्षं रडून झालंय, आता पुरे.

कॉर्डेलिया : छापा. सगळं छापा.

ऑग्डेन : सगळं म्हणजे?

कॉर्डेलिया : सहीच्या खालचंही. आणा तो कागद, कुठे सही करायची ते दाखवा.

ऑग्डेन : इथे. आणि इथे आजची तारीख.

मिसेस टॉलिव्हर : तुमची सही अगदी वडिलांसारखी आहे. तोच वळसा शेवटी.

कॉर्डेलिया : सगळे म्हणतात. झालं आता तुमच्या मनासारखं?

मिसेस टॉलिव्हर : अर्धं झालं. छापून आलं की पूर्ण. डॉक्टर, पुस्तक आलं की शाळेत मी स्वतः नेऊन देणार, पोस्टाने पाठवू नका.

कॉर्डेलिया : एक विचारू? मतदार यादीत नाव आलं का शेवटी तुमचं?

मिसेस टॉलिव्हर : आलं की. नवा कायदा झाला, ती परीक्षा बंद झाली आणि त्याच अधिकाऱ्याने माझं नाव लिहून घेतलं. बोटं दुखत असल्यासारखं लिहीत होता. मग तुमचे वडील पुन्हा उभे राहिले तेव्हा पहिल्यांदा मत दिलं. माझ्या तळघरातली सगळी माणसं माझ्या पुढे-मागे रांगेत होती. तुमच्या वडिलांचा फोटो खांबाखांबावर लावला होता.

कॉर्डेलिया : ती निवडणूक ते हरले.

मिसेस टॉलिव्हर : हो.

कॉर्डेलिया : तुम्ही मत कुणाला दिलंत ते मी विचारत नाही. ते ज्याचं त्याच्यापाशी.

मिसेस टॉलिव्हर : विचारा की. मला सांगायला आवडतं.