जातो म्हणणारा यम

मेलेल्या माणसाले हसू आलं तर काय करावं, हे मले तालमीत कोणी सांगितलंच नव्हतं. कुरखेड्यात आमचं नवं सत्यवान-सावित्री नाटक लागलं होतं. त्यात बोलणं एक नाई, सुरुवातीपासून सगळं गाणंच. सत्यवान मी. मी मरून पडलो होतो अन् यम झालेले गणपतभाऊ माझा जीव घेऊन निघाले. त्यांची ओळ होती, "जातो मी सावित्री." पण निघताना 'जातो' म्हणू नये, हे भाऊंच्या हाडात भिनलेलं. त्यांनी मोठ्या सुरात आळवलं, "येतो बाई, येतो."

मंडपात समोरची एक म्हातारी उठून उभी राह्यली. "तू कायले येतं बापा? तू जातो म्हण."

मागून सगळ्या बाया म्हणाल्या, "जातो म्हण, जातो म्हण."

पेटीवाल्यानंही तोच सूर धरला. भाऊ बिचारे हात जोडून गायले, "जातो ओ माय, जातो."

माझं पोट गदगदा हलायले लागलं. सावित्रीनं अजून एकही वर मागितला नव्हता. म्हातारी खाली बसली अन् शेजारणीले म्हणाली, "पाह्य, त्यानं जातो म्हणलं न् पोट्टा जित्ता झाला."