लाल-पिवळ्या गोळ्या

आदिलाबादच्या एका दवाखान्यात औषधाच्या रांगेत वनमालाबाई उभ्या होत्या. पुढे बेला गावची चंपाबाई आणि जैनथ गावची एक म्हातारी बोलत होत्या. रांग सरकली तरी दोघींना भान नव्हतं.

"तुमच्या बुढ्याचा पाय कसा हाय, चंपाबाई?"

"उद्या कापून राह्यले."

"अगं माय! इंजेक्शनं नाही देल्ली?"

"सारी देल्ली. जखमेतल्या जंतूले आता कोनतंच औषध मारत नाही म्हनते. पू तपासाले हैद्राबादेले धाडला होता, वार्डातली झुरळं बी धाडली. दोन्हीत तोच जंतू. लाइट गेली का झुरळं पट्टीवर चढतेत ना."

"झुरळानं कुठं गोळ्या खाल्ल्या, त्याच्यावरच्या जंतूले औषध लागू न पडाले?"

"मी बी तेच इचारलं. तं डाक्टर मलेच म्हनते, घरी काय देत होती?"

"काय देत होत्या?"

"ह्याच, इथं भेटतेत त्या लाल-पिवळ्या गोळ्या. दुखलं का एक द्याची, थांबलं का बाकीच्या देवळीत ठेवाच्या. कवा फोडून आतली भुकटी जखमेवर टाकाची. सारं गाव करते."

"आमच्यात बी तेच."

"तुमी कोनासाठी आल्या?"

"नातवासाठी. आठवड्याचा बी नाही झाला. बेंबी ओलीच हाय, वास येते."

चंपाबाईनं पदराची गाठ सोडली.

"ह्या घ्या, उरलेल्या. बुढ्याले आता काय कामाच्या? फोडून बेंबीवर टाका."

"लई उपकार झाले, माय."

"अहो, आजी..." वनमालाबाई पुढे झाल्या.

गोळ्या पदरात बांधता बांधता म्हातारी ओशाळून वळली.

"तुमाले बी पाह्यजे होत्या का, बाई?"