बाबांचं मत, लेकीचं बोट

बाबा: अगं, ओढू नकोस! डोळे गेलेत माझे, पाय नाही गेले.

लेक: पायऱ्या आल्या, बाबा. शाळाच ती. वर्गात टेबलं मांडलीत, कोपऱ्यात पुठ्ठ्याचा आडोसा. आत बटण मी दाबायचं, मत मात्र तुमचं. तशी सही घेतलीय माझी.

बाबा: खडूचा वास येतोय. बरं वाटतंय.

(आडोशामागे. दोघंही कुजबुजतात.)

लेक: हं, बोला. कोणाला?

बाबा: त्या रस्तेवाल्याला.

लेक: बाबा! तो गल्ली रुंद करणार म्हणजे माझं शिवणाचं दुकान आधी पाडणार. ठाऊक आहे ना?

बाबा: न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे?

लेक: मग पोटच्या पोरीच्याच पोटावर पाय?

बाबा: रोज दुपारी डोळा लागला की आपली गल्ली दिसते गं. रुंद, लख्ख. दवाखान्याची गाडी सुळकन दारापर्यंत येते. तुझी आई उठून बसते, गाडीत चढते. त्या दिवशी गाडी कोपऱ्यावरच अडकली आणि ती घरातच गेली. स्वप्नात तेवढंच बदलतं.

लेक: कधी बोलला नाहीत ते.

बाबा: काय बोलायचं?

अधिकारी: अहो बाई, आटपा. मागे रांग आहे.

बाबा: दाब, पोरी. कोणतंही दाबलंस तरी शिट्टी सारखीच वाजणार. मला कुठे दिसतंय?

लेक: असं नका ना बोलू. रडू येतं मला.

बाबा: वाजली.

लेक: हो. चला. सांभाळून, उंबरा आहे.

बाबा: मी काही विचारत नाहीये हं.

लेक: विचारा की! त्यालाच दिलंय. मत तुमचं होतं ना.

बाबा: आणि तुझं?

लेक: ते सकाळीच देऊन आले. त्याच्या विरोधात.

बाबा: म्हणजे घरातल्या घरात फिटंफाट! उगाच एवढ्या उन्हात चालवलं तुला.

लेक: बाबा, तुमच्या त्या स्वप्नात माझं दुकान असतं का हो कुठे?

बाबा: असतं की. भर रस्त्यात, अगदी मधोमध. गाडी तिथे थांबते. आई म्हणते, पोरीनं माझा निळा झगा शिवायला घेतलाय, तेवढा घेऊन जाऊ.

लेक: त्याच्या बाह्या लावायच्या राहिल्यात अजून.

बाबा: लाव सावकाश. ती थांबते तिथे.